खडवलीच्या शेतातली जीप

गाडी फोडण्यात मजा असते. नाही म्हणणारा भंगारवाला एक तर नवा असतो, नाहीतर खोटारडा. पुढची काच पहिल्या घावात जात नाही. ती आधी पांढरी होते आणि दुसऱ्या घावाला सगळीच्या सगळी आत बसते. दरवाजे पहार घालून उचकटायचे, सीटा सुरीने उभ्या फाडायच्या, डॅशबोर्ड उपटला की मागे वायरींचा गुंता लोंबतो तो दोन्ही हातांनी ओढून काढायचा. मी हे काम सलवार-कमीजवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालून करते. बाई हातोडा चालवते म्हणून लोक बघत उभे राहतात. पूर्वी मी त्यांना शिव्या घालायचे, आता बघू देते. घरी भांडण झालं की दुसऱ्या दिवशी आपलं काम लवकर उरकतं, असं नवरा म्हणायचा. खरंच होतं ते.

शहरातल्या रस्त्यांवरच्या गाड्या मोठे लोक उचलतात, तिथे आम्हाला कोण विचारतो. आमचा धंदा शेतातल्या गाड्यांचा. टिटवाळा, खडवली, मुरबाड रोड, या सगळ्या पट्ट्यात शेतांचे प्लॉट पडतायत. घेणाऱ्याला जमीन साफ हवी असते, आणि शेताच्या कडेला काहीतरी सडत पडलेलं असतंच. कुठे चाकं नसलेला टेम्पो, त्यात कोंबड्या अंडी घालतात. कुठे ट्रॅक्टरचा सांगाडा, त्यातून झाड उगवलेलं. कुंपण पडायच्या आधी मालक आम्हाला फोन करतो. आम्ही जातो, फोडतो, कापतो, टेम्पोत भरतो.

राहायला आम्ही दिव्याला. आमचं लव्ह मॅरेज, त्यामुळे अरे-तुरे. सासूला ते शेवटपर्यंत पचलं नाही. तो अबोल, मी तोंडाळ. फोडायचं काम माझं, गॅस कटरने कापायचं त्याचं. जळक्या रंगाचा धूर खाऊन खाऊन त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं. नासलेल्या दुधाचा चहा करून दिला तरी तो भुरके मारत प्यायचा. म्हणून टाकीत पेट्रोल-डिझेल उरलंय का, याचा वास घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी टाकीत नाक खुपसून ‘चल’ म्हटल्याशिवाय तो कटर पेटवत नसे. माणसं बायकोवर विश्वास ठेवतात म्हणतात ना, आमच्याकडे तो असा नाकावर ठेवलेला होता.

खडवलीचा फोन ऐन उन्हाळ्यात आला. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यापासून आत, एका जुन्या शेतकरी घराची जमीन. घरात म्हातारा, म्हातारी आणि दोन मुलगे. जमीन विकून झालेली होती. बांधावर करंजाच्या झाडाखाली एक जीप उभी होती, लष्कराच्या लिलावातून कधीकाळी घेतलेली, पेट्रोलवर चालणारी. म्हाताऱ्याने ती स्टेशनपासून आतल्या गावांपर्यंत माणसं भरभरून चालवली होती. पोरं त्यावर वाढली, घर त्यावर उभं राहिलं. आता तिच्यावर वेल चढले होते, खाली गुडघाभर वाळलं गवत होतं. आणि म्हातारा ड्रायव्हरच्या सीटवर स्टिअरिंग धरून बसला होता.

‘बाबा, उतर,’ थोरला म्हणाला.

म्हातारा समोर बघत राहिला. थोरल्याने त्याचं मनगट धरून ओढलं. तो सुटेना, तेव्हा धाकट्याने खालची एक फळी उचलली आणि बापाच्या बोटांवर मारली. एकदा, मग पुन्हा. म्हातारा वाकला आणि थोरल्याच्या हाताला कडकडून चावला. मग मात्र दोघांनी त्याला बाहेर ओढून जमिनीवर आपटलं आणि थोरल्याने पेकाटात लाथ घातली. मी आयुष्यभर मारामाऱ्या बघत आलेय, पण बापाच्या अंगावर इतक्या सरावाने पडणारी लाथ मी तोवर पाहिली नव्हती. नवरा मध्ये पडला, त्यालाही एक थप्पड बसली. तेव्हा मी हातोडा उचलला.

‘ओ ताई, घरचा मॅटर हाय,’ थोरला म्हणाला. ‘तुम्ही तुमचा काम करा.’

म्हातारा उठून बसला. बोटं सुजायला लागली होती. नवऱ्याने त्याला पाणी दिलं. ते पिऊन तो माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाला, ‘काप. तुझा काय दोष नाय.’

सकाळभर आम्ही काम केलं. इंजिन आणि गिअरबॉक्स साखळीने ओढून टेम्पोत चढवले आणि आमचा ड्रायव्हर हमालाला घेऊन तो माल टाकायला कल्याणला गेला. मागे राहिलो आम्ही दोघं. टाकी सीटखाली होती. मी झाकण काढून नाक घातलं. गंज आणि उंदराच्या लेंड्या, बाकी काही नाही. तरी खात्री म्हणून बादलीभर पाणी ओतलं, तर खालून थेंब थेंब गळून सगळं निघून गेलं. टाकीची चाळण झाली होती. ‘ही कधीचीच मेलीय,’ नवरा म्हणाला. मी ‘चल’ म्हटलं.

तेवढ्यात म्हातारीने जेवायला हाक मारली. आम्ही डबा आणला होता, पण तिने ऐकलं नाही. ‘आमचे दारातून कोन उपाशी जात नाय,’ म्हणाली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाची आमटी, आणि अंगणातल्या चुलीत ती सुके बोंबील भाजत होती. त्या बोंबलाच्या वासाने सगळं शेत भरून गेलं होतं. थोरल्याने नवी गाडी घेतली होती, पांढरी, मोठी, तिच्यावर धूर जातोय म्हणून तो आईवर खेकसला. म्हातारा जेवायला आला नाही. कुणी बोलावलंही नाही.

जेवून आम्ही परत गेलो. नवरा पाठीवर झोपून जीपखाली शिरला, नुसते पाय बाहेर. सांगाडा खालून कापायचा होता. बोंबलाचा धूर अजून तरंगत होता, त्यात आमच्या सिलिंडरच्या गॅसचा वास. त्याने कटर पेटवला.

आवाज मोठा झाला नाही. ओल्या चादरी झटकाव्यात तसा भप्पकन झाला, आणि जीपखालचं सगळं गवत एकदम पेटलं. तो आत ओरडला. त्याचा आवाज इतका मोठा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी त्याला पाय धरून ओढलं. शर्ट टेरिकॉटचा होता, तो अंगावर वितळत होता. मी माती टाकली, ओंजळीने, मग फावड्याने, त्याच्या छातीवर, तोंडावर. धाकट्याने धावत जाऊन सिलिंडरचा कॉक बंद केला, हे एक त्याने बरं केलं. त्यानंतर तो जो बांधावरून पळाला, तो दिसला नाही. मातीखालून नवरा धुमसत होता. त्याचा चेहरा कसा झाला होता ते मी लिहिणार नाही. हात वर धरून ठेवले होते त्याने, आणि हातांची कातडी मनगटाशी गोळा झाली होती.

म्हातारा झाडाशी उभा होता. हातात प्लॅस्टिकची रिकामी बाटली.

‘पेट्रोल घातला,’ तो म्हणाला. ‘पोराचे बाईकमधून काढला. इतकी वर्सा तिनी आमचा पोट भरला. गारीला भुकेली कशी धाराची?’

मला क्षणभर कळलंच नाही तो काय बोलतोय. मग कळलं. आम्ही अंगणात वालाची आमटी ओरपत होतो तेव्हा हा माणूस त्या लोखंडाला शेवटचं जेवण घालत होता. चाळणीतून ते सगळं खाली गवतात झिरपलं होतं आणि त्यात माझा नवरा जाऊन झोपला होता. घरातून निघणाऱ्याला उपाशी पाठवायचं नाही, ही रीत मला ठाऊक होती, माझ्या माहेरीही होती. पण गाडीला? मला त्याचा गळा दाबावासा वाटला. माझ्या आधी थोरला त्याच्यावर धावला. त्याने बापाला खाली पाडलं आणि तुडवायला लागला, पोटात, बरगड्यांत, जिथे पाय पडेल तिथे. मी अडवलं नाही. मला तेव्हा ते पुरेसं वाटत नव्हतं.

पण नवरा कण्हला आणि मी भानावर आले. आमचा टेम्पो कल्याणला होता. दारात फक्त ती पांढरी गाडी.

‘गाडी काढ,’ मी थोरल्याला म्हणाले.

तो हाताने घाम पुसत उभा राहिला. गाडीकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याच्या अंगाकडे. सीटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

‘ताई, ॲम्ब्युलन्सला फोन लावतो ना. गाडी नवीन हाय.’

मी हातोडा उचलला, गाडीच्या मागे गेले आणि मागची काच फोडली. एका घावात. नव्या गाडीची काच दाण्यादाण्याने सांडते. मग मी त्याच्याकडे वळले. ‘दुसरा तुझ्या डोक्यात,’ मी म्हणाले, आणि मी तो घातला असता. त्यालाही ते दिसलं असावं, कारण त्याने किल्ली काढली. पण ती त्याच्या हातातून मातीत पडली.

किल्ली म्हाताऱ्याने उचलली. तो उठला कधी मला कळलं नाही. नाकातून रक्त येत होतं, एक हात बरगडीवर दाबलेला. त्याने मागचं दार उघडलं, माझ्या नवऱ्याला खांद्याखाली धरून माझ्यासोबत आत घातलं. नवरा प्लॅस्टिकला चिकटला. म्हातारा पुढे बसला, आणि मुलगा काचेवर थापा मारत ‘बाबा, बाबा’ ओरडत असताना त्याने गाडी काढली.

इतक्या वर्षांत त्याने चालत्या गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं नसेल, पण तो पिसाटासारखा चालवत होता. मी मागे बसले होते, नवऱ्याचं डोकं मांडीवर, उजव्या हातात हातोडा, म्हाताऱ्याच्या डोक्याच्या मागे उगारलेला.

‘बाबा, हा मेला तर तुमची कवटी फोडेन.’

‘फोर,’ तो म्हणाला. वळूनही बघितलं नाही. ‘पन कल्यान येऊ दे.’

मंगळवार होता. टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाची गर्दी रस्त्यावर उतरली होती. म्हाताऱ्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. एका रिक्षाचा आरसा उडाला. हार-फुलांची एक हातगाडी आमच्या बंपरने फिरवली आणि ती कलंडली. माणसं शिव्या घालत मागे धावली. गाडी गर्दीत अडली तशी टपावर बुक्के पडायला लागले, एकाने म्हाताऱ्याची कॉलर धरली, खिडकीतून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. म्हाताऱ्याने क्लच सोडला नाही. मग त्या माणसाने मागे वाकून बघितलं, माझ्या मांडीवर काय आहे ते त्याला दिसलं, आणि तोच ओरडून लोकांना बाजूला करायला लागला. मला कुणाचाही उपकार नको होता. मला कुणालातरी मारायचं होतं. सगळ्यांत जवळ म्हाताऱ्याचं डोकं होतं, टक्कल, त्यावर घाम आणि माती. गर्दीतून सुटल्यावर मी हातोडा आणखी मागे नेला. नवरा वाचणार नाही हे मला एव्हाना कळलं होतं, आणि कल्याण येईपर्यंत कशाला थांबायचं असं माझ्या डोक्यात आलं होतं.

तेव्हा नवरा बोलला. ओठ राहिले नव्हते, त्यामुळे मला वाकावं लागलं.

‘हातोडा खाली ठेव.’

मला वाटलं भ्रमात आहे. ‘गप पड रे,’ मी म्हणाले.

‘ठेव,’ तो म्हणाला. ‘ते गाडी चालवतायत.’

तो कल्याणच्या हॉस्पिटलात काही दिवस राहिला, पण पुन्हा बोलला नाही, आणि मग गेला. म्हाताऱ्याच्या मुलांनी पोलिसांना सांगितलं की बापाने मुद्दाम जाळलं. मी जे झालं तेच सांगितलं. चाळीतल्या बायका अजून विचारतात, तू त्या म्हाताऱ्याला सोडलंस कसं. मी सोडलेलं नाही. माझा राग आहे तसाच आहे. कटर आता मीच चालवते आणि तो पेटवताना राग रोज उसळतो. पण त्या गाडीत माझ्या नवऱ्याने माझ्याकडे एक गोष्ट मागितली. लग्नापासून त्याने मागितलेल्या गोष्टी थोड्याच, आणि त्यातली एकही मी वाद घातल्याशिवाय दिली नव्हती. ही दिली. त्याचे डोळे तेव्हा बंद होते. हातोडा पायाशी टेकल्याचा आवाज त्याने ऐकला असेल, असं मी धरून चालते.