आई पटकथेबरहुकूम निघाल्या

माझ्या हातून जे झालंय, ते ऐकल्यावर तुम्ही तुमची मुलं क्षणभरसुद्धा माझ्याकडे सोपवणार नाही. तरी सांगते. चहा घ्या आधी.

बाळंतपणाआधी मी मालिकांचे प्रसंग लिहायचे. दीड वर्ष घरी काढल्यावर इथल्याच, नाशकातल्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. तिथे पटकथालेखन हा नवा विषय सुरू झालेला, आणि शिकवायचा कुणी? तर मराठीच्या प्राध्यापकांनी, ज्यांनी पटकथेचा कागद आयुष्यात पाहिला नव्हता. मी त्यांना नमुना प्रसंग लिहून द्यायचे, वर्गात मागे बसायचं, अडलं तर सांगायचं. "महिनाभर बघू, मग ठरवू," असं प्राचार्य म्हणाले होते. म्हणजे परीक्षा माझीच!

माझं बाळ, ओजस, घरी सासूबाईंजवळ. मी त्यांना आईच म्हणते. तीन मुलं वाढवलेली बाई, पण मला धीर कुठला? रोज निघताना दिवसभराच्या सूचनांचा कागद त्यांच्यासाठी फ्रिजवर लावायचे. आणि सवयीने लिहायचे कसा? 'दृश्य १. आत. स्वयंपाकघर. सकाळ. आजी बाळाला मऊ भात भरवते. (हिंग चिमूटभरच!)'

"आई, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही हं!"

"नाही गं बाई. तू लिहिशील तसं."

त्या सोमवारी कागद दोन होते. एक घरासाठी, एक देवरे सरांच्या तासासाठी. घाईत एक फ्रिजवर लावला, दुसरा पिशवीत कोंबला आणि धावले.

देवरे सर मूळचे नामपूरचे, आवाज खणखणीत. झेरॉक्स वाटून झाल्या आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. "दृश्य १. आत. स्वयंपाकघर. सकाळ. आजी बाळाला मऊ भात भरवते. हिंग चिमूटभरच!"

मी झेरॉक्स तोंडासमोर धरली.

"दृश्य ३. बाळ शिंकतं. आजी आईला फोन करते. दृश्य ४. बाळ पुन्हा शिंकतं. आजी पुन्हा फोन करते."

वर्ग खो खो हसायला लागला.

"या आईच्या पात्राबद्दल काय वाटतं?" सरांनी विचारलं.

वणीहून रोज येणारी एक मुलगी उठली. "सर, लय अतिरेक वाटतो. अशी बाई खरी नसते."

"एवढी काळजी हे, तर घरी का नाय बसत ती?" मागून एक पोरगा.

"ती घरी बसली तर आजी वेडी होईल ना भाऊ!"

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, काय जबरदस्त विडंबन लिहिलंय! मुद्दामच ना?"

"हो, मुद्दामच," मी म्हणाले. काय करू? नोकरीचा प्रश्न! क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

आणि मग डोक्यात वीज चमकली. हा कागद इथे आहे, तर फ्रिजवर काय आहे?

नमुना प्रसंग! 'दृश्य १. आत. घर. सकाळ. आजी बाळाला कडेवर घेते आणि कुणालाही न सांगता बाहेर पडते. दृश्य २. रिक्षा. दृश्य ३. बाहेर. बसस्टँड. वणीची गाडी लागलेली. आजी गाडीकडे बघते.' तिथेच तोडला होता. पुढे काय होतं, ते मुलांनी लिहायचं होतं.

वर्गाबाहेर येऊन फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर आईंनी उचलला. मागे कंडक्टर ओरडत होता, "वणी, वणी, वणी!"

"आई! कुठे आहात?"

"स्टँडवर. तूच लिहिलंस ना?"

"मग मला फोन नाही करायचा?"

"'कुणालाही न सांगता' असं लिहिलंय. बरं, पुढचं पान कुठंय गं? गाडीकडे बघून झालं. आता बसू का?"

"नका बसू! हलू नका तिथून!"

स्टँडपर्यंत रिक्षात मी देवाला काय काय कबूल केलं, ते विचारू नका. पोचले तर ओजस बाकावर एका अनोळखी मावशींच्या हातून केळं खात बसलेला. न धुतलेल्या हातांनी, न कुस्करलेलं केळं! आणि खिदळतोय! मी हात पुढे केले, तर पठ्ठ्याने आजीच्या खांद्यात तोंड लपवलं. इतकं हायसं वाटलं, की मी तिथेच मटकन बसले आणि रडले.

तेवढ्यात सरांचा मेसेज. 'मुलं अजून त्या आईवरून भांडताहेत. प्राचार्य दारात उभे राहून ऐकून गेले. म्हणाले, या मॅडमना सोडू नका.'

"आई," मी डोळे पुसत विचारलं, "ती गोष्ट आहे, हे खरंच कळलं नाही तुम्हाला?"

"न कळायला काय झालं? तीन पोरं वाढवलीत, येडी नाही मी. पण पंधरा दिवस तुझ्या कागदांनी घरात कोंडून घातलंय. आज पहिल्यांदा लेखी परवानगी मिळाली. सोडू कशाला?"

मी ओजसच्या तोंडाला लागलेलं केळं पुसलं.

"उद्याचंही लिही," त्या म्हणाल्या. "त्र्यंबकला जाऊन बरेच दिवस झाले."

लिहिलं. शपथेवर सांगते, एकच ओळ लिहायला बसले होते. मग त्यात स्वेटर आलं. मग कानटोपी, उकळलेलं पाणी, खिडकीशी बसायचं नाही, शिंक आलीच तर काय.

सकाळी आईंनी कागद उलटून पाहिला.

"चार पानं? अगं, हे सगळं करून आम्ही त्र्यंबकला पोचायचं कधी?"