पुसलेले ठिपके

कॉलरला टाचण्यांची रांग कायम खोवलेली, म्हणून त्या टाचणीताई. बस डेपोच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. दुकान कसलं, एक मशीन, एक टेबल, एक आरसा. गिऱ्हाईक कपडे घालून बघायला आत शिरलं की ताईंनी गल्लीत उभं राहायचं, एवढीच जागा. पण कामाला बाई चोख. तिरकी घडी किंवा लोंबता दोरा दिसला तर त्यांना चैन पडत नाही. पक्की शिलाई झाली की कच्चे टाके उसवायचे, टाचण्या काढायच्या, खडूची रेघ झटकायची. कामाची खूण मागे राहिली तर ते काम अर्धवट, हे त्यांचं ठाम मत, आणि त्यांच्या मताविरुद्ध जायची घरात कुणाची टाप नाही. नवऱ्याची तर नाहीच नाही.

दुकानाच्या पाठीमागून ओढा वाहतो. एके काळी त्यात पाणी कमी आणि पिशव्या जास्त होत्या. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका रविवारी चार माणसं गोळा करून तो साफ करायला लागले. ताई त्यांच्याकडे गेल्या होत्या खरं तर वासाची तक्रार करायला. गेल्या त्या हातमोजे घालूनच परत आल्या.

काकांचा उत्साह दांडगा, पण पत्ता सांगणं म्हणजे आनंदीआनंद. ‘वळणापलीकडे’ म्हटलं की निम्मी माणसं भलत्याच पुलावर जाऊन एकमेकांची वाट बघत बसायची. शेवटी ताईंच्या मुलीने, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाण्याआधी, आईच्या फोनवर ऑनलाइन नकाशा तयार करून दिला. कुणाला कचरा दिसला की त्याने ताईंना फोटो पाठवायचा, ताईंनी त्या जागी लाल ठिपका द्यायचा, आणि रविवारी सगळ्यांनी ठिपका बघून थेट तिथेच जायचं, साफ केल्यावरचाही फोटो काढायचा. माणसं वाढली, ओढा दिसायला लागला, काठावर रोपंही लागली. मुलगी तिकडून नकाशा बघायची आणि आईला शाबासकी द्यायची.

जागा साफ झाली की ताई तो ठिपका पुसून टाकायच्या. ठिपक्याबरोबर त्याचा फोटोही जायचा, फोनमधूनसुद्धा. कुणाच्या मनात काही आलं नाही. उलट नकाशा कोरा झाला की ताई तो गिऱ्हाइकांना दाखवायच्या, नव्या शिवलेल्या कोटासारखा.

मग एक दिवस पुलाच्या खांबावर नोटीस लागली. बाजाराच्या गाड्यांसाठी जागा हवी, तेव्हा ओढ्यावर सबंध स्लॅब टाकायचा. नगरपालिकेने बैठक बोलावली. काकांनी छाती पुढे काढून सांगितलं की आम्ही हा ओढा सांभाळतो, आमचा नकाशाच बघा. तिथल्या इंजिनिअर बाईंनी तो सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर उघडला. एक निळी रेघ, आणि तिच्यावर काही म्हणजे काही नाही. बैठकीला जाताना नकाशा नीटनेटका असावा म्हणून ताईंनी सकाळीच शेवटचे दोन ठिपकेसुद्धा पुसले होते.

इंजिनिअर बाईंनी शांतपणे म्हटलं की इथे कुणी काम करतं असं तर दिसत नाही. काकांचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा ताई उभ्या राहिल्या.

“ठिपके होते,” त्या म्हणाल्या. “मी पुसले. काम झालं की खुणा काढायच्या, एवढंच मला माहीत.”

मागे कुणीतरी हसलं. इंजिनिअर बाई हसल्या नाहीत. महिनाअखेरपर्यंत तारखेसकट फोटो नकाशावर लावा, म्हणजे मला वर दाखवायला काहीतरी राहील, असं त्या म्हणाल्या.

परतताना ताईंना कुणी चकार शब्द बोललं नाही. कुणी चार शब्द सुनावले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. घरी नवऱ्याने न सांगता भांडी घासली, तेव्हा तर त्यांना रडूच आलं. सगळ्यांनी कंबर मोडून केलेलं काम आपल्या एका बोटाने नाहीसं झालं, हे त्यांच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्यांना फोन घेऊन दुकानात बोलावलं. ताईंकडचे फोटो गेले होते, पण काढणाऱ्यांच्या फोनमध्ये ते अजून होते. काय ते फोटो! कुणाचा निम्मा चेहरा, कुणाची नुसती चप्पल, आणि रविवारी येणारा एक गवंडी होता, त्याच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात त्याचा अंगठा. पण तारीख होती, जागा होती. ताई मशीन बाजूला सारून ठिपके देत बसल्या, आणि निळ्या रेघेला हळूहळू रंग चढला.

एकच तुकडा कोरा राहिला, डेपोच्या भिंतीलगतचा. तिथे ताई दुकान उघडायच्या आधी एकट्याच जायच्या. गाळ त्यांनीच उपसला, रोपं त्यांनीच लावली. हात चिखलात म्हणून फोन घरी. काकांना हे ठाऊक होतं. द्या ठिपका, मी साक्षीला आहे, असं त्यांनी परोपरीने सांगितलं.

“नको काका,” ताई म्हणाल्या. “तारखेचे फोटो मागितलेत. एकाबद्दल बोट दाखवायला जागा मिळाली तर बाकीचे सगळे वाया जातील. आधीच माझ्यामुळे खूप गेलंय.”

निकाल आला तो निम्मा आनंदाचा. ओढा उघडाच राहणार होता. मात्र गाड्यांना थोडी तरी जागा देणं भाग होतं, तेव्हा जिथे कामाची नोंद नाही तेवढाच तुकडा झाकायचा ठरला. इंजिनिअर बाई स्वतः दुकानात सांगायला आल्या. तिथली रोपं मी पाहिली आहेत, पण कागदावर ती मला मांडता आली नाहीत, असं म्हणताना त्यांना अवघड वाटत होतं. ताईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि बाकीचा ओढा वाचवल्याबद्दल आभार मानले. त्या गेल्यावर मात्र ताईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि दुकान लवकर बंद केलं.

रविवारी खुरपं आणि टोपली घेऊन ताई एकट्याच भिंतीलगत गेल्या, आपली रोपं काढून वरच्या काठावर लावायला. कुणाला सांगितलं नव्हतं. पाहतात तर काका गुडघाभर चिखलात उभे, गवंडी फावडं घेऊन तयार, आणि रविवारची सगळी मंडळी हजर. मुळांना धक्का न लावता एकेक रोप निघालं, हातोहात वर गेलं. मधूनमधून कुणी ना कुणी ताईंचा फोटो काढत होतं. त्यांनी दोनदा दटावलं. कुणी दाद दिली नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला, की आई, नकाशा बघ. ताई चक्रावल्या. नकाशाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, आपल्याकडे, मग ठिपके दिले कुणी? मुलीने सांगितलं की दुपारी काकांनी मागितली म्हणून सगळ्यांनाच दिली, एकाच्याच हातात ठेवायची नाही म्हणाले. ताईंनी नकाशा उघडला. झाकल्या जाणाऱ्या त्या तुकड्यावर ठिपक्यांची गर्दी झाली होती. गवंड्याचा ठिपका डेपोच्या छपरावर पडला होता, फोटोत अंगठा होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘मी पण बघितलंय.’

नवऱ्याने विचारलं, काय झालं? ताई काकांच्या ठिपक्याखालचं मोठ्याने वाचायला लागल्या. “ही जागा टाचणीताईंनी एकटीने साफ केली...” एवढं वाचून त्यांनी फोन नवऱ्यापुढे धरला. त्याने तो हातात घेतला आणि उरलेलं वाचून दाखवलं.

“फोटो आज काढला. उशीर आमचा.”