डावं पुढचं चाक

मिस्त्रीचं अक्षर किरटं होतं, म्हणून पत्र मीच टाइप करून नेलं. त्यानं फक्त सही करायची होती. शाळेच्या बसचा चालक ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतो आणि म्हणून ब्रेक जळतात, एवढाच मजकूर. चार वाजता समितीची बैठक होती. सही झाली की चालकाची नोकरी गेली, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मिस्त्री चालकाच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. सख्खा मेहुणाच विरुद्ध बोलतोय म्हणजे खरंच असणार, असं मी धरून चालले. मूर्खपणा माझा. मेहुण्यानं नाही तर कुणी विरुद्ध बोलायचं?

पत्र्याच्या शेडमधल्या त्या गॅरेजात मिस्त्री एकोणीस वर्षं एकटा काम करत होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचा. गाडीवाल्याचं ऐकायचा नाही. त्याचं निदान सहसा चुकायचं नाही, आणि तोच त्याचा दोष, कारण एकदा बोलला की शब्द मागे नाही. बहिणीच्या लग्नातच त्यानं सांगून टाकलं होतं, की भावोजींच्या हातात स्टिअरिंग आहे, पण पायात अक्कल नाही.

त्या सकाळी बसच्या डाव्या पुढच्या चाकातून धूर आला. आत चौतीस मुलं. चालकानं सगळ्यांना उतरवलं, भिंतीकडेला उभं करून दोनदा मोजलं आणि मग मला फोन केला. चार महिन्यांतली ही तिसरी खेप. आधी दोनदा मिस्त्रीनं ब्रेकचे पॅड बदलले आणि दोन्ही वेळा खापर भावोजींच्या पायावर फोडलं.

मिस्त्रीनं हात पुसले, पेन घेतलं. चालक दाराशी उभा होता, आत आला नाही.

"कर सही," तो म्हणाला. "फक्त एवढं सांग, माझा पाय पेडलवर पडतो की एकट्या डाव्या चाकावर?"

मिस्त्रीचं पेन थांबलं. पेडल दाबलं की दाब सगळ्या चाकांना जातो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो उठला, उजव्या चाकाजवळ तळहात धरून आला. बस नुकतीच हळूहळू चालवत आणली होती, डावं चाक अजून तापलेलं होतं; हे गार होतं. मग त्यानं बसखाली जॅक लावला.

सव्वातीन झाले होते. मी घाई केली, ते त्याच्या कानापर्यंत पोचलं नाही.

भावोजींना त्यानं सीटवर बसवलं. दाबा. सोडा. पाय सुटला, चाक मात्र दोन्ही हातांनी ढकलूनही हललं नाही. ब्रेकमागचं छोटं निपल त्यानं सैल केलं, तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक फिरलं. म्हणजे ब्रेकमधला पिस्टन अडकला नव्हता. दाबलेलं तेल परत जात नव्हतं. निपल बंद करून पुन्हा दाबा, सोडा. या वेळी त्यानं वरचा जोड सोडवला, जिथं लोखंडी नळीला रबरी होज लागतो. होजच्या वरची वाट मोकळी झाली, तरी चाक घट्ट ते घट्टच. निपल पुन्हा उघडल्यावर सुटलं.

"अडलंय ते होजमध्येच," तो पुटपुटला.

होज काढून त्यानं ब्लेडनं उभा चिरला. आतलं अस्तर सुटून फुगलं होतं. पायाच्या जोरानं तेल त्यातून आत घुसत होतं, पण परतीला वाट नव्हती. मला वाटलं, सुटलो, रबर जुनं झालं. मी उठलेसुद्धा.

तो उठला नाही. होज बाहेरून उलटसुलट करून बघत बसला. रबरावर बारीक दातांच्या दोन ओळी होत्या. त्यानं खिशातली पक्कड काढून त्यांवर ठेवली. दातावर दात बसला.

पॅड बदलताना तेल गळू नये म्हणून तो होज पक्कडीनं चिमटून ठेवायचा. बाहेरून रबर ठीक दिसतं, आतून फाटतं. या बसचे पॅड पहिल्यापासून तोच बदलायचा, आणि दर वेळी त्यानं होज चिमटला होता. हे सगळं त्यानंच सांगितलं; तो बोलला नसता तर मला काही कळलं नसतं, आणि भावोजींना तर मुळीच नाही.

"बाई, पत्र द्या," तो म्हणाला. मागच्या कोऱ्या बाजूला त्यानं आपल्या त्या अक्षरात लिहिलं, की दोष चालकाचा नाही, माझ्या हातचा आहे. खाली सही केली.

चालकानं पत्र वाचलं. "हे तुझ्या ताईला दाखवू का?"

"फ्रेम करा," मिस्त्री म्हणाला.

समितीनं चालकाला ठेवलं आणि बसचं काम दुसऱ्या गॅरेजला दिलं. मी विरोध केला नाही. चौतीस मुलं डोळ्यांपुढे होती.

पण ते नंतर. त्या दुपारी मी निघताना मिस्त्री जमिनीवर बसून बोटांवर गाड्या आठवत होता, पक्कड लावलेल्या. पहिला फोन त्यानं रुग्णवाहिकेच्या चालकाला लावला. "गाडी जिथं असेल तिथं थांबव," म्हणाला. "मी येतो. चूक माझी आहे." नवे होज पिशवीत भरून तो बाहेर आला, तेव्हा भावोजी त्याचा जॅक खांद्यावर टाकून आधीच रस्त्याला लागले होते.