ओलं फडकं

"ताई, शैलाक्का गेली की…" तिच्या धाकट्या भावाचा, मल्लूचा, फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हात पिठाचे तसेच ठेवून खाली बसले. वर्षभर दवाखान्याच्या चकरा मारून आम्ही सगळेच दमलो होतो, त्यामुळे रडूही लगेच आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की शेडमधलं फडकं आज भिजवायचं राहिलंय.

शैला मातीच्या बायका घडवायची आणि माती ओली असतानाच त्यांच्या पाठीवर खिळ्यानं कविता कोरायची. "कागदावर लिहिली की कविता शहाणी होते," म्हणायची. मूर्ती भट्टीतून निघेपर्यंत ती कुणी वाचायची नाही, हा तिचा नियम. इतकी वर्षं तिची भट्टी मी सांभाळली, पण मलाही सूट नव्हती. एखादी मूर्ती आत तडकली की कविताही गेली. "जाऊ दे गं, माझीच होती की," म्हणून चहा टाकायची. मला तिचा राग यायचा. अजून येतो.

शेवटची मूर्ती अर्धीच राहिली. दवाखान्यात निघताना म्हणाली, "दोन ओळी राहिल्यात. सुकू देऊ नको." सोलापूरचं ऊन, त्यात वर पत्रा… मूर्तीवर जुन्या चादरीचा तुकडा गुंडाळलेला होता, त्यावर मी सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. ती गेली, दिवसकार्य झालं, तरी मारत राहिले. माती सुकली की शैला खरंच संपली, असं वाटायचं.

"किती भिजवणार, ताई? ती काय आता येणार हाय व्हय?" मल्लू म्हणाला. मी तांब्या भरायला गेले.

परवा मात्र ठरवलं, आहे तशी भाजू, निदान अर्धी कविता तरी राहील. फडकं सोडलं. पाणी पिऊन पिऊन माती सैल पडली होती, पाठ खचली होती. अक्षर एक नाही. चादरीची वीण तेवढी उमटलेली. मीच जपून जपून पुसली होती तिला. एकदा फडकं उचलून वाचलं असतं तर… पण तिचा नियम ना.

"आता?" मल्लूनं विचारलं.

"सुकू दे," म्हटलं.

आज सकाळी सवयीनं तांब्या भरला आणि शेडपर्यंत गेले. दोरीवर फडकं कडक वाळलं होतं. दारातल्या कडुलिंबाला पाणी ओतलं आणि रिकामा तांब्या घेऊन तिथंच उभी राहिले.