हरेश्वरचं उरलंसुरलं ऐकणं
"तरंग?" मायक्रोस्कोपमधून डोळे न काढता सर्जन सरांनी विचारलं.

"स्टेडी, सर."

विरारमधल्या आमच्या हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर. टेबलावर बेशुद्ध हरेश्वर, मूळचा चांदीपचा, सातिवलीत पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनवर कामाला. डाव्या कानाची नसच निकामी, म्हणून उजव्यात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठीचं यंत्र, बसवत होतो. त्या कानाला बोलणं कळत नव्हतं, जाडे घुमणारे आवाज तेवढे येत होते.

"मॅडम, मोटरचा आवाज बदलला का मी हात काढतो," तपासणीच्या दिवशी तो म्हणाला होता. "तेवढा तरी राहू द्या. कोन काय बोलतं ते नाय कळलं तरी चालंल."

आतला कान शंखासारखा वळलेला असतो. त्यात इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवायची. ती आतल्या नाजूक पडद्याला घासली, तर उरलंसुरलं ऐकणं जातं. म्हणून कानात सतत एक जाडा आवाज सोडतात; आतल्या कानाचा प्रतिसाद स्क्रीनवर तरंग होऊन दिसतो. मी ऑडिओलॉजिस्ट. तरंग बघायचा आणि सरांना सांगायचं, एवढंच माझं काम.

अचानक तरंग निम्म्यावर आला.

आमच्याकडे तरंग पडला की पहिला संशय स्क्रीनला जोडलेल्या वायरवर. बहुतेक वेळा तीच सैल निघते, आणि सरांना उगाच थांबवलं की दिवसभर ऐकून घ्यावं लागतं. मी न बोलता वाकले, केबल चाचपली. घट्ट होती. वर बघते तर तरंग पाव उरलेला, आणि सरांचा हात चालूच.

"सर, थांबा!" माझा आवाज चिरकला.

"वायर बघितलीस?"

"ठीक आहे वायर. तार जरा मागे घ्या."

सर ओरडले नाहीत, त्यामुळे मी आणखीच घाबरले. त्यांनी तार केसभर मागे घेतली. मला हरेश्वरचे हात दिसत होते. मिनिटभराने तरंग वर चढला, पण पूर्वीइतका नाही. सरांनी कोन बदलून उरलेली तार मुंगीच्या पावलांनी आत नेली.

महिन्याभराने हरेश्वर बायकोला घेऊन आला. इम्प्लांटमुळे तिचं बोलणं कळत होतं, ती खूश होती.

"मोटर येते ऐकू," तो म्हणाला, "पन लांब गेल्यासारखी."

मी त्याला खरं ते सांगितलं, वायर चाचपण्यात गेलेल्या सेकंदांसकट. मग कंपनीसाठी पत्र लिहून दिलं: याला प्रेसवर ठेवू नका, पॅकिंगला घ्या. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं. मला फार वाईट वाटलं.

आता तरंग हलला की मी आधी सरांना थांबवते, वायर मग बघते. दहांतल्या आठ वेळा वायरच असते आणि सर चिडतात. चिडू देत.