वडिलांच्या पुढून जाणारं ताट

देवपूरच्या आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीच्या तुकड्यांचं ताट आणि द्राक्षरसाचे इवलेसे प्याले रांगेतून हातोहात फिरत. कुणाशी वाकडं असेल तर आधी समेट करावा, मगच हात पुढे करावा, अशी शिकवण. ज्याने ताट तसंच पुढे सरकवलं त्याच्याकडे कुणी बघायचं नाही असा रिवाज होता, आणि अर्थात सगळे बघत.

त्या वर्षी माझे वडील ताट पुढे सरकवत होते. मी बायकांच्या बाजूला आईजवळ बसून बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या धाकट्या भावाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात जळगावच्या काकूने वडिलांच्या हातातून बाळ घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, मान धरत जा त्याची." पंगतीच्या गडबडीत वडील आधीच वैतागले होते. ते भर पाहुण्यांत बोलून गेले, "ज्यांच्या घरात पाळणा हलला नाही, त्यांनी आम्हाला शिकवू नये." काकूने बाळ हळूच आईच्या मांडीवर ठेवलं आणि चपला घातल्या. काकू माझी फार लाडकी. वडिलांचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

पुढे एका बुधवारच्या प्रार्थनेत वडील उभे राहिले आणि रडत रडत सगळं कबूल केलं. मंडळी 'आमेन' म्हणाली, पाळकांनी पाठीवर हात ठेवला. घरी येताना वडील चक्क गाणं गुणगुणत होते. आईने जेवायला वाढलं आणि म्हणाली, "देवाला सांगितलंत, मंडळीला सांगितलंत. जाऊबाई कुठे होत्या तिथे?"



शनिवारी आम्ही एसटीने जळगावला गेलो. मला बरोबर घेतलं ते बहुधा ढाल म्हणून. तिथे पिंप्राळ्याला काकू आपल्या घराच्या गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. वडील वाटभर घोकलेलं सगळं विसरले. "वहिनी, मी फार वाईट बोललो," एवढंच निघालं.

काकू मूळची पिंपळनेरकडची. मन भरून आलं की तिची अहिराणी बाहेर येई. हातातली बिबडी पसरत ती म्हणाली, "मी बी प्याला लेत नही, भाऊ. तव्हयपासून. मन्हा मनमा आजून ते शे. खोटं कसं बोलू?"

ते बोलणं अजून मनात होतं, म्हणून तीही तिच्या चर्चमध्ये प्याला घेत नव्हती. आपण एकटेच उपाशी आहोत असं वडिलांना वाटत होतं. तिचाही घास आपणच काढून घेतला, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. काकूने आम्हाला भरीत-भाकरी वाढली, माझी वेणी घालून दिली. माफ केलं, असं मात्र म्हणाली नाही.

पुढच्या पहिल्या रविवारी वडिलांनी पुन्हा ताट सरकवलं. "वहिनींना जमेल तेव्हा मला जमेल," ते आईला म्हणाले. माझा राग निवळला तो त्या दिवशी.

उन्हाळा सरता सरता एका पहिल्या रविवारी, उपासना सुरू झाल्यावर, काकू आमच्या चर्चमध्ये आली. आईशेजारी बसून तिने कुणाला न विचारता माझ्या धाकट्या भावाला मांडीवर ओढलं. ताट आलं, प्याले आले. तिने प्याला उचलला आणि तसाच हातात धरून पुरुषांच्या बाजूला बघत राहिली. वडील सवयीने प्याल्यांचं ताट पुढे सरकवणार, तोच त्यांची मान वर झाली आणि त्यांनीही प्याला उचलला.

मग दोघं एकदमच प्यायले. त्या दिवशी रिवाज मोडून सगळं चर्च उघड उघड बघत होतं. मीही.