मास्तरांनी पुरी केलेली होडी

हरेश्वर मास्तरांना मी फारसा ओळखत नव्हतो. त्यांच्या घरी कोण होतं, हेही मला नीट सांगता येणार नाही. चित्रातलं तर काहीच कळत नाही. तरी लिहितोय, कारण ते गेल्यापासून लोक त्यांच्याविषयी भलतंच चांगलं बोलतायत.

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा माणूस रोज सकाळी रेवदंड्याच्या खाडीवर रंगवत बसायचा. माझी जुनी लाकडी होडी मोडायची होती, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ती रंगवली. ओहोटी होती. होडी चिखलात एका अंगावर कलली होती. तासाभरात कागदावर अशी उतरली, की माझी बायको तुळशी म्हणाली, "आपलीच हाय!" मी चित्र मागितलं.

"असं अर्धवट कसं देऊ, शिवदासकाका? चौलला घरी नेऊन पुरं करतो."

पुरं करणं हाच मास्तरांचा रोग. खाडीवर डोळे उघडे ठेवायचे आणि घरी पंख्याखाली बसले, की पाहिलेलं सगळं खोडायचे. वाळत घातलेले बोंबील जायचे, माड वाढायचे, आभाळ केशरी व्हायचं. याला ते 'संस्कार' म्हणायचे.

दोन महिन्यांनी आम्ही दोघं चौलला गेलो. तोवर होडीचं सरपण झालं होतं. चित्रात चिखल नव्हता. होमस्टेतल्या पाहुण्यांना चिखल आवडत नाही, म्हणून मास्तरांनी काठोकाठ भरती आणली होती. होडी मात्र तशीच कललेली.

"मास्तर, ही तर बुडतेय!" तुळशी म्हणाली. "बुडती होडी कोळी घरात लावतो व्हय?"

भरतीला होडी सरळ होते, हे खाडीकाठी आयुष्य घालवून त्यांना माहीत नव्हतं. चष्मा पुसत म्हणाले, "दुरुस्त करतो."

दुरुस्ती म्हणजे त्यांनी होडीच काढून टाकली. चित्र नागावच्या एका होमस्टेत लागलं.

ते गेले, त्याच्या आठवडाभर आधी मला बाजारात भेटले, स्कूटरवर. होडी का काढली, मी विचारलंच.

"अहो, होडी आहे की खाली. वर फक्त पाणी रंगवलंय. जाऊन बघा, माझं नाव सांगा. आत सोडतील."

"बरं," मी म्हणालो. "तिठ्यावरून जाऊ नका, रस्ता खणलाय."

"हो का? मग मागच्या रस्त्यानं जातो."